देवाची करणी की इंजिनिअरांची?

कोणत्याही अनर्थास लोक जे नाव देतात त्यावरून त्या अनर्थाचा जाब कोणास विचारावयाचा हे पुष्कळ अंशी ठरून जाते. वखारीत ठेवलेला माल 'पावसाने' भिजला असे कागदावर लिहिले गेले, तर नुकसान मालाच्या धन्याच्या माथी बसते. तोच माल 'छपराच्या फुटक्या पत्र्यामुळे' भिजला असे लिहिले, तर वखारवाल्यास आपली थैली सोडावी लागते. पाऊस एकच, भिजलेला मालही एकच; परंतु दोन शब्दांच्या फेराने खातेवहीतील बाजू पालटते. आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे नागरिक 2005 सालापासून जो झगडा चालवीत आले आहेत तो मुळाशी जाऊन पाहिल्यास अशाच एका नावाचा झगडा आहे, आणि म्हणूनच तो आमच्या वाचकांपुढे जरा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हे शहर मिसिसिपी नदीच्या मुखानजीक वसलेले आहे. एका अंगास ही महानदी, दुसऱ्या अंगास पॉन्चरट्रेन नावाचे विस्तीर्ण सरोवर, आणि मध्ये बशीसारखी खोलगट वस्ती. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे पावसाचे पाणी आपण होऊन बाहेर जात नाही. ते पंपांनी उपसून कालव्यांत टाकावे लागते व कालव्यांवाटे ते सरोवरास मिळते. हे कालवे भर वस्तीतून, आणि कित्येक ठिकाणी घरांच्या जोत्यांहून उंच पातळीने वाहतात. काठांवर मातीचे बांध, बांधांवर काँक्रीटच्या भिंती, आणि भिंतींच्या पलीकडे लोकांची परसदारे, असा तेथला देखावा आहे.

29 ऑगस्ट 2005 रोजी सकाळी 'कॅट्रीना' नामक चक्रीवादळ किनाऱ्यास लागले. त्याचा सर्वांत जोराचा भाग शहराच्या पूर्वेकडून निघून गेला, आणि शहर वाचले अशा वार्ताही काही वेळ पसरल्या. परंतु तोवर बांध व भिंती ठिकठिकाणी फुटल्या होत्या. ही भगदाडे मोजता मोजता पन्नासांच्या वर गेली. शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला आणि ते पाणी कित्येक आठवडे हटले नाही. या वादळात एकंदर 1,833 माणसे दगावली असा आकडा पुष्कळ वर्षे छापला जात असे; अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने 2023 साली तो सुधारून 1,392 केला. मृतांत लुइझियाना राज्यातील लोक सर्वांत अधिक, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे 75 वर्षे वा त्याहून अधिक वयाचे होते. पळून जाण्याची अथवा माळ्यावर चढून बसण्याची शक्ती ज्यांच्या ठायी सर्वांत कमी, असे हे लोक.

आता नावाकडे वळू. वृत्तपत्रांनी, पुढाऱ्यांनी व सरकारी पत्रकांनी या सर्व संहाराचे नाव 'कॅट्रीना' असे ठेवले. वादळ अजस्र होते, शहर खोलगट जागी होते, पाणी भिंतींवरून आत आले, त्यास माणूस काय करणार, असा सूर लागला. कित्येक शहाण्यांनी तर अशा ठिकाणी राहावेच कशाला, असा प्रश्न बुडालेल्या लोकांनाच विचारला. देवाची करणी म्हटली की फिर्याद मिटते, कारण देवावर समन्स बजावता येत नाही.

परंतु तज्ज्ञांच्या तुकड्या चिखलात उतरल्या तेव्हा वेगळीच हकीकत बाहेर आली. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील इंजिनिअर रेमंड सीड व रॉबर्ट बी यांची स्वतंत्र तुकडी, आणि लुइझियाना राज्य विद्यापीठाचे आयव्हर व्हॅन हीर्डन यांची तुकडी, या दोहोंस असे आढळले की, सतराव्या रस्त्याचा कालवा व लंडन अव्हेन्यूचा कालवा यांच्या भिंती पाणी त्यांच्या माथ्यास पोहोचण्यापूर्वीच कोसळल्या होत्या. औद्योगिक कालव्यावर काही ठिकाणी पाणी भिंतीवरून गेले व त्याने पायथा खणून काढला हे खरे. पण या दोन कालव्यांवर तसे घडलेच नाही. त्या भिंतींच्या पोटात पोलादी पाट्यांची रांग जमिनीत ठोकलेली असते. भिंतीची खरी मुळे तीच. 1985 साली याच राज्यात सरकारी इंजिनिअरांनी एका प्रयोगी भिंतीची परीक्षा घेतली आणि तिचे अनुमान चुकीचे काढले. 2015 साली जे. डेव्हिड रॉजर्स, सीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणे, या पाट्या 31 ते 46 फूट खोल जावयास हव्या होत्या, तेथे 17 फूट पुरेत असे ठरवण्यात आले. या काटकसरीने सुमारे 10 कोटी डॉलर वाचले. खालची माती मऊ व दलदलीची होती; पाणी चढताच ती सरकली आणि भिंतही तिच्याबरोबर गेली. पाया आखूड घालून पैसे वाचवणारा कंत्राटदार आमच्या वाचकांनी पाहिला असेल. येथे तेच काम एका बलाढ्य राष्ट्राच्या लष्करी इंजिनिअर खात्याने केले, आणि तेही लबाडीने नव्हे तर आकडेमोडीच्या पूर्ण विश्वासाने.

हे खाते म्हणजे 'आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स'. 1965 च्या सप्टेंबरात 'बेट्सी' वादळाने शहर बुडवल्यानंतर अमेरिकन काँग्रेसने कायदा करून पूरसंरक्षणाचा आराखडा व बांधकाम यांचा भार याच खात्यावर टाकला. स्थानिक बांधमंडळांकडे मुख्यतः देखरेख राहिली. सुमारे 13 वर्षांत पुरे व्हावयाचे हे काम 40 वर्षे झाली तरी अपुरेच होते. यावर कोणी असे म्हणेल की, स्थानिक मंडळेही निर्दोष नव्हती. कालव्यांच्या तोंडाशी दरवाजे बसवावेत की काठच्या भिंती उंच कराव्यात याविषयी त्यांच्यात व खात्यात वाद होता, आणि मंडळांनी भिंतींचा आग्रह धरला, ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. पण भिंत मागितली म्हणून ती लेचीपेची बांधून द्यावी, असा न्याय आम्ही कोठे वाचला नाही. घरमालकाने कौलांऐवजी गच्ची मागितली, एवढ्यावरून गच्ची कोसळण्याचा दोष त्याच्या माथी येत नाही.

या सर्व गोष्टी तज्ज्ञांच्या जाडजूड अहवालांत पडून राहिल्या असत्या. त्या चव्हाट्यावर आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत सँडी रोझेन्थाल या बाईंचे नाव प्रथम घेतले पाहिजे. त्या इंजिनिअर नव्हेत, कायदेपंडितही नव्हेत; शहर सोडून पळालेल्या लक्षावधी रहिवाशांपैकी एक. 2005 साल संपण्याच्या आतच त्यांनी आपल्या शाळकरी मुलाच्या साह्याने 'लेव्हीज डॉट ऑर्ग' नावाची नागरिकांची संस्था काढली. संस्थेचा पहिला उद्योग ऐकावयास क्षुल्लक वाटेल. ज्या ज्या पत्राने 'कॅट्रीनाने शहर बुडवले' असे छापावे, त्या त्या पत्राच्या संपादकास कळवावयाचे की, महाशय, शहर मध्यवर्ती सरकारने बांधलेल्या बांधांच्या फुटीने बुडाले. संपादकाच्या खुर्चीत बसणाऱ्यास असली पत्रे किती त्रासदायक वाटतात हे आम्ही जाणतो. आणि त्यांचा उपयोग किती होतो हेही जाणतो. दहा वेळा टाकून दिलेले पत्र अकराव्या वेळी अग्रलेख लिहिताना हाताशी आडवे येते.

1 जून 2006 रोजी खात्याचे प्रमुख लेफ्टनंट जनरल कार्ल स्ट्रॉक यांनी आपल्याच खात्याची बांधबंदिस्ती फसली हे उघडपणे कबूल केले. हा कबुलीजबाब मोठाच होता. तथापि कबुलीनेही वाद संपला नाही. 2007 साली एका शाळेतील विद्यार्थ्यांनी संस्थेसाठी एक छोटा विनोदी चित्रपट तयार केला. सिव्हिल इंजिनिअरांच्या राष्ट्रीय सोसायटीची जी समिती खात्याच्या चौकशीची तपासणी करीत होती, तिचा खर्च खात्याच्याच तिजोरीतून होत होता. यावर पोरांनी बोट ठेवले होते. सोसायटीने तो मागे घेण्यास बजावले. चित्रपट काढून घेण्यात आला. मग वकील मंडळी विनामूल्य पाठीशी उभी राहिली आणि तो पुन्हा लोकांपुढे आला. सोसायटीने पत्र धाडले नसते तर तो इतक्या लोकांनी पाहिला असता की नाही, याची आम्हांस शंका आहे. व्हॅन हीर्डन यांचे प्रकरण मात्र इतक्या सुखाने संपले नाही. त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवणार नसल्याचे विद्यापीठाने 2009 साली कळवले. सत्य बोलल्याबद्दल आपणांस काढले अशी फिर्याद त्यांनी लावली, विद्यापीठाने ती नाकारली, आणि 2013 साली पैसे देऊन तडजोड झाली. नोकरी मात्र परत मिळाली नाही.

दुसरी चळवळ बांधमंडळांच्या सुधारणेची. शहराच्या जुन्या बांधमंडळाकडे बांधांखेरीज एक विमानतळ, नौकाबंदरे व जुगाराच्या आगबोटीचे भाडे असा पसारा होता. मंडळाच्या सभेत मातीचा विषय निघावयास वेळ किती उरत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. रुथी फ्रायरसन या बाईंच्या पुढाकाराने नागरिकांनी 53,000 हून अधिक सह्या गोळा केल्या. 2005 च्या नोव्हेंबरात कायदेमंडळाने त्यांस वाटाण्याच्या अक्षता लावल्या. काही महिन्यांतच त्याच कायदेमंडळास नमते घ्यावे लागले. 30 सप्टेंबर 2006 रोजी राज्यघटनेतील दुरुस्ती मतास टाकली गेली तेव्हा राज्यात 81 टक्के व न्यू ऑर्लिन्समध्ये 94 टक्के मते अनुकूल पडली. परगण्यापरगण्यांची मंडळे एकत्र करून इंजिनिअरी व तत्सम विषयांच्या जाणकारांस त्यांवर बसवावे, हे या दुरुस्तीचे मर्म. ज्या गावात बांधाच्या कारभारावर माणसे रांगा लावून मत देतात, त्या गावाने पुरापासून काहीतरी मिळवले असे आम्ही म्हणू.

आता कायद्याची बाजू पाहू, कारण आमच्या मते सर्व प्रकरणाची गाठ येथेच आहे. 1927 साली मिसिसिपीस महापूर आला असता शहरातील पेढीवाल्यांनी शहर वाचावे म्हणून कार्नार्व्हन येथील बांध सुरुंग लावून उडवून घेतला. खालच्या सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्स परगण्यांतील लोकांची घरेदारे बुडाली, आणि कबूल केलेली भरपाई पुष्कळांच्या हाती नाममात्रच पडली. म्हणूनच 1965 साली व पुनः 2005 साली नाइन्थ वॉर्डातील कृष्णवर्णी वस्तीत 'बांध मुद्दाम उडवला' अशी वार्ता पसरली. चौकशीत तिला आधार सापडला नाही; पण ज्यांनी एकदा सुरुंगाचा आवाज ऐकला त्यांच्या नातवांस वेडे ठरवण्याचा अधिकार सरकारास नाही. त्याच महापुराच्या पोटी 1928 चा पूरनियंत्रण कायदा जन्मास आला. त्यात एक कलम घालून ठेवले की, पुराने वा पुराच्या पाण्याने कोठेही नुकसान झाले तरी संयुक्त संस्थानांच्या सरकारवर कोणत्याही प्रकारची जबाबदारी येणार नाही.

याच कलमाच्या भिंतीवर लोकांच्या फिर्यादी येऊन फुटल्या. ही भिंत मात्र पुरेशी खोल घातलेली निघाली! 2008 च्या जानेवारीत न्यायाधीश स्टॅनवुड ड्यूव्हाल यांनी कालव्यांविषयीचा दावा काढून टाकला, आणि तो काढून टाकतानाच खात्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. 2009 च्या नोव्हेंबरात त्याच न्यायाधीशांनी, जहाजांसाठी खणलेल्या 'मिस्टर गो' नावाच्या जलमार्गाबाबत खात्यास दोषी धरले, कारण तो मार्ग पुरासाठी नव्हे तर व्यापारासाठी होता. 2012 च्या मार्चमध्ये अपील कोर्टाने हा निकाल उचलून धरला आणि सप्टेंबरात त्याच तीन न्यायाधीशांनी तो फिरवला. दुसऱ्या एका वाटेने आणलेला दावा 2018 साली निकालात निघाला, तोही लोकांच्या विरुद्ध. राजाच्या हातून चूक घडत नाही असे इंग्रजी कायद्याचे एक जुने सूत्र आहे. अमेरिकनांनी राजा हाकलून दिला पण सूत्र जपून ठेवले. आपणही फार हसू नये. अमृतसरच्या एका सराफाचे सोने मेरठच्या पोलिसांनी ताब्यात घेतले व पोलिसातलाच एक इसम ते घेऊन पळाला, तेव्हा त्याबद्दल सरकार देणेदार नाही असा निकाल आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली दिलेला आहे.

जेथे कोर्टाचा दरवाजा बंद, तेथे स्मरण हेच एक कोर्ट उरते. आणि म्हणून स्मारकावर काय लिहावयाचे यास महत्त्व येते. 29 ऑगस्ट 2008 रोजी शहरातील चॅरिटी हॉस्पिटलच्या जुन्या स्मशानभूमीत एक स्मारक उघडण्यात आले. ज्यांचे प्रेत मागावयास कोणी आले नाही अथवा ज्यांची ओळखच पटली नाही अशा ऐंशीहून अधिक जणांस तेथे चिरविश्रांती मिळाली आहे. हे काम पुण्याचेच. परंतु त्या जागेची मांडणी चक्रीवादळाच्या आकाराची केलेली आहे. म्हणजे मेलेल्यांच्या भोवतीही वादळच घोंघावते! रोझेन्थालबाईंच्या संस्थेने दुसरा मार्ग धरला. 2010 साली सतराव्या रस्त्याच्या कालव्याच्या भगदाडापाशी, 2011 साली लंडन अव्हेन्यूच्या कालव्यापाशी, 2013 साली औद्योगिक कालव्यापाशी, राज्याच्या ऐतिहासिक खुणांपैकी एकेक फलक तिने उभा करविला. भिंत येथे फुटली, हे तेथे धातूच्या अक्षरांत आहे. 2015 साली लंडन अव्हेन्यूच्या भगदाडाजवळ बाग झाली, आणि 2019 साली त्याच रस्त्यावर एका बुडालेल्या घराचे संग्रहालय झाले. घरात शिरावयाचे नाही. खिडकीतून आत पाहावयाचे. पाणी उतरल्यावर परतलेल्या कुटुंबास आपली खोली जशी दिसली तशी ती मांडलेली आहे. सामान अस्ताव्यस्त, सर्वांवर वाळलेला चिखल. घरात न शिरता खिडकीशी उभे राहणे हाच बहुतेक सरकारांचा अशा प्रसंगी रिवाज असल्यामुळे ही योजना आम्हांस विशेष समर्पक वाटली.

या ठिकाणी पुण्याच्या लोकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरण फोडले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या वर्षी पाऊसही होता. परंतु पुणेकरांनी त्यास 'एकसष्टचा पाऊस' म्हटले नाही. 'पानशेतचा पूर' म्हटले आणि आजही तसेच म्हणतात. कोणी चळवळ केली नाही, फलक लावला नाही, तरी नदीचे नाव बाजूस सारून धरणाचे नाव लोकांच्या तोंडी बसले. न्यू ऑर्लिन्सच्या बाईंस ज्यासाठी वीस वर्षे पत्रे लिहावी लागली ते आमच्या बायाबापड्यांच्या बोलीने एका दिवसात केले. मात्र बोलीने नाव बरोबर ठेवले म्हणून जाबही बरोबर विचारला गेला, असे समजण्याचे कारण नाही.

असो. न्यू ऑर्लिन्सभोवती आता सुमारे 14.5 अब्ज डॉलर खर्चून नवे बांध, भिंती, दरवाजे व पंप उभारले गेले आहेत. ज्या कालव्यांच्या तोंडाशी पूर्वी दरवाजे नव्हते तेथे ते 2018 पर्यंत बसले. 29 ऑगस्ट 2021 रोजी, म्हणजे बरोबर 16 वर्षांनी त्याच तारखेस, 'आयडा' वादळ आले तेव्हा या बांधबंदिस्तीने शहर राखले. यावर कित्येक लोक म्हणू लागले की, आता मागचे उगाळण्यात काय हशील? त्यांस आमचे उत्तर असे की, हा पैसा काँग्रेसने भूतदयेने दिला नाही. भिंती सरकारच्या होत्या हे नागरिकांनी सिद्ध केले, त्यामुळे सरकारास तोंड चुकवता आले नाही. शिवाय हे संरक्षण शंभर वर्षांतून एकदा येण्याचा संभव असलेल्या पुरापुरतेच आहे, म्हणजे दर वर्षी शंभरांत एक अशी जोखीम शिल्लक आहेच. एवढ्या जोखमीवर आमचा सावध व्यापारी आपली सारी पुंजी एका गुदामात ठेवणार नाही. त्यातून तेथील जमीन खचत आहे व समुद्र चढत आहे. बांध उंच न केल्यास ठरवलेले संरक्षण 2023 पासूनच अपुरे पडू लागेल, अशी सूचना खात्याने स्वतः 2019 साली काढली होती.

2022 साली या कामाचा ताबा स्थानिक मंडळाकडे देण्यात आला. सह्या गोळा करून, मते देऊन, जाणकारांस बसवून जे मंडळ लोकांनी घडवले तेच हे. 2025 साली त्या मंडळाच्या कारभारावरून आत तंटे माजले आणि काही सभासद राजीनामे देऊन बाहेर पडले. त्यांच्या जागी कोण येतो, त्यास माती कळते की केवळ गव्हर्नरसाहेबांची मर्जी कळते, इकडे तेथील नागरिकांचे डोळे लागले आहेत. पुढच्या वादळापूर्वी पंपांस तेल कोणी घालावयाचे, बांधावर गवत कोणी कापावयाचे आणि कोठे खचले हे कोणी पाहावयाचे, हे त्याच मंडळाच्या सभेत ठरते.